न छापलेली अकरा नावं

रविवार, ५ जानेवारी २०२५

मुलाने, हितेशने, आणून दिलेली डायरी पाच दिवस कोरीच पडून होती. माकुणसारला राहणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने रोज लिहावं असं घडतं काय, वाडीतल्या केळीला घड लागला एवढंच. आज मात्र घडलं. माझी नात दिशा आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "आप्पा, मला ‘चिमटा’चे सगळे अंक पायजेत."

दिशा ही हितेशची थोरली. बोईसरला औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. बरोबर रिद्धी होती, तिची मैत्रीण. दोघी दोन वर्षं बोईसरला एकाच भाड्याच्या खोलीत राहतात. एकमेकींना सोबत होते, पोरी शहाण्या आहेत, असं मीच हितेशला समजावलं होतं.

‘चिमटा’ म्हणजे माझं साप्ताहिक. चौऱ्याऐंशी ते एक्क्याण्णव, दर शनिवारी चार पानं, पालघर स्टेशनजवळच्या माझ्या छापखान्यातून. पहिल्या पानावर थोडं राजकारण, शेवटच्या पानावर ‘दुर्बीण’ हे सदर. लोक अंक शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे. कुठला डॉक्टर कुठल्या नर्सला स्कूटरवरून घरी सोडतो, कुठल्या पुढाऱ्याचा मेहुणा कुठे पकडला गेला, सगळं त्यात. सदर मी लिहायचो, ‘टेहळ्या’ या नावाने. चारचौघांत मला नावं ठेवणारी माणसं अंक शर्टाच्या आत घालून घरी न्यायची. वसईपासून डहाणूपर्यंत माझ्या नावाचा दरारा होता, हे मी सांगतो म्हणून नाही, कोणालाही विचारा.

दिशा म्हणाली, बोईसरला नवरंग नावाचं हॉटेल होतं, त्याच्या वरच्या माळ्यावर दर शुक्रवारी पुरुष जमायचे, नाचायचे, गायचे. पुरुषांवर जीव असलेले पुरुष. कारखान्यांना तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून शुक्रवार. "त्या मंडळींचा कुठंच कागद नाय, आप्पा. फोटो नाय, काय नाय. फक्त तुमच्या ‘दुर्बिणी’त हाय. आमी प्रदर्शन भरवतोय, एकवीस फेब्रुवारीला, बोईसरलाच."

मी खूश झालो. चौतीस वर्षांनी का होईना, कोणाला तरी ‘चिमटा’ची किंमत कळली. म्हटलं, "त्यापेक्षा मोठी गोष्ट देतो तुला. शेवटचा अंक छापलाच गेला नाही. त्यात नवरंगला जाणाऱ्या अकरा जणांची नावं होती, गावासकट. मजकूर माझ्या हस्ताक्षरात अजून जपून ठेवलाय. तो लाव मध्यभागी."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दिशा म्हणाली, "ते नंतर बगू." तीन गठ्ठे घेऊन बसल्या. त्या अकरा नावांचं मोल पोरींना कळलं नसावं.

मंगळवार, ७ जानेवारी

फाईल काढली. दुर्बिणीच्या प्रत्येक मजकुराची प्रत मी ठेवली आहे, कारण अब्रुनुकसानीच्या नोटिसा यायच्या आणि वकील आधी हस्तलिखित मागायचा. शेवटचं पान सर्वांत वर आहे. मार्च एक्क्याण्णव. अकरा नावं, निळ्या शाईत, मीच ओळीने घातलेले आकडे. त्यासाठी तीन शुक्रवार नवरंगसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो.

हा अंक का निघाला नाही ते दिशाला सांगितलेलं नाही. देवूमुळे. देवू तांडेल, सातपाटीचा कोळी, माझा कंपोझिटर. एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान, पान लोखंडी चौकटीत आवळलं की त्याला आम्ही फॉर्म म्हणायचो. देवूइतका झपाट्याने खिळे जुळवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी चौथ्या पानाचा फॉर्म आवळून झाला, देवूने तो मशीनकडे नेण्यासाठी उचलला आणि दारातच पाडला. हजारो खिळे जमिनीवर, थेट गटारापर्यंत. वेचून परत लावायला नऊ दिवस लागले. दोन अंक बुडाले, विक्रेते तुटले, तिसरा अंक निघालाच नाही. देवू प्यालेला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. पालघरच्या एकाही छापखान्याने त्याला पुढे दारात उभं केलं नाही. तसाही ऑफसेटवाल्यांनी आमचा धंदा खाल्लाच होता, पण ते सांगण्यापेक्षा देवूचं नाव सांगणं सोपं होतं. एवढं या वहीत कबूल करायला हरकत नाही.

रविवार, १२ जानेवारी

पोरींनी ओटीवर चटई टाकून दिवसभर काम केलं. एकीने छापील अंक वाचायचा, दुसरीने माझं हस्तलिखित धरायचं. रिद्धी कारखान्यात दोन नमुने शेजारी ठेवून फरक शोधते, तीच सवय इथेही.

रिद्धी मोठ्याने वाचत होती: "बोईसरात दर शुक्रवारी बायकी पुरुषांचा मेळा भरतो. लुंगीवाले, पँटवाले, एकजण तर चक्क शालू नेसून. काय हा काळ आला." मी मान डोलावत होतो, भाषा झणझणीत होती माझी. मग तिने पुढची ओळ वाचली: "सदर मेळा येत्या शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता नवरंगच्या वरच्या माळ्यावर भरणार असून जिना मागील बाजूस आहे. सज्जनांनी सावध राहावे."

दिशाने हस्तलिखित उलटसुलट करून पाहिलं. "आप्पा, ही शेवटची ओळ तुमच्या कागदावर नाय."

पुढचा अंक काढला. तिथेही शेवटची ओळ छापील अंकात आहे, कागदावर नाही. "या शुक्रवारी मेळा भरणार नाही अशी खात्रीलायक बातमी असल्याने सज्जनांनी निश्चिंत असावे." त्याच्या पुढचा: "वापीकडून येणाऱ्या सज्जनांनी विशेष सावध राहावे, परतीची गाडी दहा मिनिटे लवकर सुटते." अशा एकशे बारा ओळी निघाल्या. एकही माझ्या हातची नाही.

मी म्हटलं, तोंडी सांगितल्या असतील. रकाना दोन ओळी तोकडा पडला की मी देवूला ओरडून सांगायचो, "भर काहीतरी." सगळ्याच छापखान्यांत हे चालतं, कंपोझिटर एखादं सुभाषित नाहीतर पावसाचा अंदाज घालून जागा भरतो. मी छापून आलेला अंक कधी वाचत नसे, लिहिताना वाचलेलाच असायचा.

रिद्धी हळूच म्हणाली, "आजोबा, ही धमकी नाही. हे आमंत्रण आहे."

मला पटलं नाही. ‘चिमटा’ने त्या लोकांना धाकात ठेवलं होतं, ही माझी कामगिरी आहे. दिशा म्हणाली, "तुमी एकदा देवूकाकांना भेटा." मी म्हटलं, त्या माणसाचं तोंड पाहायचं नाही मला. विषय संपला.

शनिवार, १८ जानेवारी

सुजीतचा फोन. सफाळ्याचा पोरगा, मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवतो, ऐंशी हजार लोक बघतात म्हणे. प्रदर्शनाची कुणकुण त्याला लागली आहे. मला ‘गुरुवर्य’ म्हणाला. बऱ्याच दिवसांत कोणी म्हणालं नव्हतं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाहून आलो तर दिशा-रिद्धी बसलेल्या. दिशाने विचारलं, "आप्पा, तुमी कदी वर गेलतात? नवरंगच्या माळ्यावर?" मी म्हटलं, छे, मी समोर टपरीवर असायचो.

हे खोटं होतं. एकदा गेलो होतो. अठ्ठ्याऐंशी साल, कामासाठी म्हणूनच. मागच्या जिन्याने वर चढलो, दाराशी कोणी अडवलं नाही, उलट हातात चहाचा ग्लास दिला. चाळीसेक माणसं होती. रंगाच्या, कापडाच्या, औषधाच्या कारखान्यांतले, एक शाळामास्तर, दोन रिक्षावाले. टेप लावलेला. आणि मध्यभागी तो शालूवाला. पदर नाकापर्यंत ओढलेला, पायांत घुंगरू. आमच्याकडच्या हळदीत मी पुष्कळ नाच पाहिले, पण असं पाऊल नाही पाहिलं. हात वर गेले की बोटं दिसायची, काळी, नखांच्या मुळाशी तर डांबरासारखी. कुठल्या तरी वर्कशॉपमधला असणार असं मी तेव्हा मनात टिपून ठेवलं. बातमीदाराची नजर अशी असावी लागते.

पाच मिनिटांसाठी गेलो होतो, दोन तास बसलो. सव्वानऊला सगळे घाईघाईने उठले, नाचाचे कपडे पिशवीत, पँट-शर्ट अंगावर, आणि शेवटची गाडी पकडायला पळाले. मी खाली आलो तेव्हा मन इतकं हलकं होतं की स्वतःचाच राग आला. त्या आठवड्याची दुर्बीण मी नेहमीपेक्षा जास्त तिखट लिहिली.

गुरुवार, ३० जानेवारी

सुजीत घरी आला. त्याचा बेत असा: अकरा नावं, अकरा भाग, रोज संध्याकाळी एक. मी खुर्चीत बसून हस्तलिखित उलगडायचं आणि नाव वाचायचं. "गुरुवर्य, पूर्ण जिल्हा थांबेल." त्यातला एकजण आज मोठा पुढारी आहे, एक निवृत्त मुख्याध्यापक, एकाचं नाव सोसायटीच्या फलकावर आहे. मला माहीत आहे कारण मी अजून सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो. हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

संध्याकाळी दिशाला फोनवर सांगितलं तर रडायलाच लागली. "आप्पा, ती नावं बाहेर आली तर मी प्रदर्शन बंद करीन. त्यातली माणसं अजून जिती हायत. त्यांच्या घरात बायका, सुना, नातवंडं हायत. घरच्यांना सांगायचं का नाय, कवा सांगायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. दुसऱ्यानं नाय."

मी म्हटलं, बातमी ही बातमी असते. तिने फोन ठेवला. इतकं मनाला लावून घेण्यासारखं तिच्या घरचं कोणी त्या यादीत नाही. कामाचा ताण असेल.

पण सुजीतला साक्षीदार लागेल, नाहीतर उद्या म्हणतील म्हाताऱ्याने नावं रचली. देवूने तो मजकूर स्वतः जुळवला होता. त्याच्याकडून वदवून घेतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सातपाटीला जाऊन आलो. आजच लिहून ठेवलं पाहिजे.

देवूचं घर बंदरापासून दोन गल्ल्या आत आहे. अंगणात बोंबील वाळत घातलेले, बांबूच्या वलांडीवर ओळीने. खाटेवर देवू जाळं विणत बसला होता. म्हातारा झाला आहे, पण बोटं अजून पूर्वीसारखीच झपाट्याने चालतात. मला पाहून उठला नाही. "ये शेट," म्हणाला, "चौतीस वर्सं लावलीस सातपाटीला यायला."

आतून एक माणूस चहा घेऊन आला, साठी उलटलेला, कानात बाळी. देवू म्हणाला, "हा चिंतू. नवरंगला वेटर व्हता. तवाधरनं हाय माज्याकडं."

मी फाईल उघडली, शेवटचं पान त्याच्या पुढ्यात धरलं. म्हटलं, हे तूच जुळवलं होतंस ना, एवढं फक्त कॅमेऱ्यासमोर सांग. त्याने चश्मा लावून अकराही नावं वाचली. वाचताना ओठ हलत होते. मग कागद माझ्याकडे परत दिला.

"जुळवलं मीच. फॉर्म पण मीच पाडला."

"प्यायला होतास."

"मी आजपातूर दारूला शिवलो नाय. चिंतूला इचार." चिंतू हसला नाही, नुसती मान हलवली. देवू म्हणाला, "फॉर्म दारात नेला नि उताना केला. खिळे गटारात जावे म्हनून दारात. नुसतं जुळवायचं नाय म्हनलं असतं तर तू दुसऱ्या कोनाकडनं जुळवून घेतलं असतंस. म्हनून आदी सगळं लावलं, फॉर्म आवळला नि मंग पाडला."

मी विचारलं, आणि त्या ओळी? सज्जनांनी सावध राहावे?

"त्या माज्या. तू शिव्या लिवायचास, मी पत्ता लिवायचो. पोरं तुजा पेपर घ्यायची नि सरळ शेवटची ओळ वाचायची. वापीचा एक, डानूचे दोगं, इरारवरनं कितीतरी. आपल्यासारकं कोनीतरी हाय ते त्यांना तुज्या पेपरातनं कळलं. पोलीस यायचे असले का चिंतू मला सांगायचा, मी ‘निश्चिंत असावे’ टाकायचो. सात वर्सांत एक मानूस नाय सापडला पोलिसांना."

हे तो बढाई मारल्यासारखं बोलत नव्हता. पण मान ताठ होती. मी आयुष्यभर छाती काढून चाललो, तरी माझी मान अशी कधी झाली असेल असं वाटत नाही.

मी म्हटलं, "मग तुला एवढी भीती कसली होती? यादीत तुझं नाव नव्हतं."

"म्हनूनच पाडला," देवू म्हणाला. "माजं असतं तर गप ऱ्हायलो असतो. लोक बोलले असते, सोताला वाचवला. अकरा जनांची नावं लिवलीस शेट, नि बारावा रोज तुज्यासमोर उबा राहून खिळे जुळवीत व्हता. तू वर आलतास ना एकदा? चा पिऊन दोन तास माजा नाच बगत व्हतास. शालू आयशीचा व्हता माज्या."

मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. शाईचे डाग कधीच गेले आहेत. सात वर्षं ही बोटं माझ्यापासून दोन हातांवर होती. वर्कशॉपमधला म्हणे.

त्याची नोकरी गेली, दारुड्या म्हणून नाव झालं, चुलत्याच्या बोटीवर खलाशी म्हणून वीस वर्षं राबला, आणि एकदाही येऊन म्हणाला नाही की शेट, तू खोटं सांगतोस. कारण खरं सांगायचं तर अकराजणांचं सांगावं लागलं असतं. मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने खांद्याला धरून वर ओढलं. "मासली सुकतेय तिकडं, पाय नको देऊ," एवढंच म्हणाला.

निघताना त्याने सांगितलं, "तुजी नात दोनदा येऊन गेली. ती नि ती रिद्धी. चिंतूला नि मला इचारीत व्हत्या, इतकी वर्सं एका घरात कशी काढली, शेजारपाजार काय बोलला, घरच्यांना कसं सांगितलं."

मी म्हटलं, प्रदर्शनासाठी लागत असेल माहिती. देवू हसायला लागला. चिंतूही. बराच वेळ हसले दोघे. का ते मला कळलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

देवू का हसला ते आज केळीला पाणी सोडताना लक्षात आलं. पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं, तिसऱ्यात गेलं, मी तसाच उभा. सून हाक मारत आली तेव्हा पाट बंद केला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

फाईल घेऊन पुन्हा सातपाटीला गेलो होतो. म्हटलं, हे पान तू ठेव. देवूने हात मागे घेतले. "माज्याकडं कशाला? तू लिवलंस, तूच काय ते कर."

घरी आलो, मागच्या दारच्या चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. पान चुलीत घातलं. पाणी नेहमीसारखंच तापलं.

कागद गेला, पण माझी स्मरणशक्ती अजून धड आहे. अकराही नावं क्रमाने, गावासकट पाठ आहेत. सुजीतला ते ठाऊक आहे. फोनवर म्हणाला, कागद नसला तरी चालेल गुरुवर्य, तुमच्या तोंडून आलं की झालं. प्रदर्शनाला कॅमेरा घेऊन येतो.

दिशाला अजून काही सांगितलेलं नाही. ती माझे फोन उचलते, पण कामापुरतं बोलते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या जायचं. सुनेने सदरा कडक इस्त्री करून दिला. चौऱ्याऐंशी साली पहिला अंक निघाला त्या दिवशीही असाच कडक इस्त्रीचा सदरा घातला होता, पण त्या दिवशी मला स्वतःचं नाव मोठं करायचं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नवरंग कधीच पाडलं, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. प्रदर्शन पलीकडच्या गल्लीत, एका शिकवणीच्या वर्गात होतं. बाकडी भिंतीला लावलेली, फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शुक्रवारची मंडळी’. चारही भिंतींवर ‘चिमटा’ची शेवटची पानं, मोठी करून छापलेली. ती छपाई हितेशच्या फ्लेक्सच्या मशीनवर झाली. काय छापतो आहे ते त्याने नीट वाचलं नसणार, बापाचाच गुण.

प्रत्येक पानावर माझा मजकूर फिक्का केला होता आणि शेवटची ओळ ठळक. खाली चिठ्ठी: ‘संपादक: एकनाथ सावे. शेवटची ओळ: देवू तांडेल.’ आधी वाईट वाटलं. मग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नुसत्या ठळक ओळी वाचत गेलो. जिना मागील बाजूस आहे. पंखा बिघडल्याने सज्जनांनी रुमाल आणावा. दिवाळीच्या शुक्रवारी फराळाची लाच दाखवली जाईल, सज्जनांनी भुलू नये. माझ्या सात वर्षांच्या पेपरात टिकाऊ असं एवढंच होतं, आणि ते माझ्या छापखान्यात, माझ्या खिळ्यांनी, माझ्या नाकाखाली जुळलं. मला अभिमान वाटला. हक्काचा नाही, तरी वाटला.

गर्दी झाली. पाळी संपवून आलेली कारखान्यातली पोरं, कॉलेजच्या मुली, ओठांना लाली लावलेले दोन-तीन तरुण, बिनधास्त. देवू पांढरा सदरा घालून आला, बरोबर चिंतू. वापीहून एक पिकल्या केसांचा माणूस आला होता, मराठी तोडकंमोडकं. त्याने देवूचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सज्जनांनी सावध राहावे. हमको मराठी पढना नहीं आता था भाई, ये एक लाइन पढने के लिए सीखा." देवू तिथे रडला. मी माझ्याकडे कोणी येतं का पाहत होतो. कोणी आलं नाही आणि तेच बरोबर होतं.

मग सुजीत आला. माईक, दिवा, सगळा थाट. मला फळ्यासमोर उभं केलं. दिशा भिंतीशी होती, रिद्धी तिच्या शेजारी, दोघींचे चेहरे उतरलेले. कॅमेरा चालू झाला. सुजीत म्हणाला, "गुरुवर्य, त्या न छापलेल्या अंकात अकरा नावं होती. आज चौतीस वर्षांनी जिल्ह्याला सांगा, कोण होते ते अकरा?"

पहिलं नाव जिभेवर होतं. दुसरं त्याच्या मागे. मागच्या बाकड्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, बायकोबरोबर आले होते, हातात टोपी. यादीत त्यांचा आकडा चार. ते माझ्याकडे बघत नव्हते, टोपीकडे बघत होते.

मी म्हणालो, "नावं? एकही आठवत नाही."

"गुरुवर्य, असं कसं, तुम्हीच फोनवर—"

"वय झालं माझं. ते पान कंपोझिटरने पाडलं आणि मीही विसरलो. त्या पानाबद्दल मी तेहतीस-चौतीस वर्षं एक खोटं सांगत आलो, की देवू तांडेल प्यालेला होता. तो शुद्धीत होता. त्या खोलीत शुद्धीत तो एकटाच होता. छापायचं तर हे छाप."

सुजीतने कॅमेरा खाली केला. मुख्याध्यापकांनी टोपी डोक्यावर घातली, बायकोला हाताला धरून उठवलं आणि जाताना मला लांबूनच नमस्कार केला. आयुष्यभर मी खरं छापतो असं छाती ठोकून सांगितलं. आज एवढ्या माणसांसमोर धडधडीत खोटं बोललो आणि स्वतःवर इतका खूश यापूर्वी कधी झालो नव्हतो.

रिद्धी वर्ग बंद करायला थांबली. दिशा मला स्टेशनपर्यंत सोडायला आली. सफाळ्याच्या गाडीला वीस मिनिटं होती. बाकावर बसलो. ती म्हणाली, "आप्पा, एक सांगायचंय. बाबांना अजून सांगितलेलं नाय. तुमाला पयलं सांगते."

आणि तिने सांगितलं. गाडी यायच्या आत सांगून झालं. मी मध्ये बोललो नाही, मला ठाऊक आहे असंही म्हणालो नाही. तिचं तिने सांगायला हवं होतं. झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "शिमग्याला दोघी या घरी. पाहुण्यासारख्या नाही." ती माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून रडली, हसलीही. इस्त्री गेली.

सात वर्षं मी लोकांच्या बातम्या टपरीवर बसून, दाराला कान लावून, चपराशाला चहा पाजून गोळा केल्या. आपली बातमी आपणहून माझ्या हातात आजवर कोणी दिली नव्हती. आज माझ्या नातीने दिली, तीही मला ओळखून असताना.

घरी पोचलो तेव्हा हितेश ताटावर बसलेला होता. म्हणाला, "कसं झालं बोईसरला? काय विशेष?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो, हात धुतले आणि त्याच्या शेजारी जेवायला बसलो.